भरधाव म्हणजे किती?

मराठी वर्तमानपत्रांत साधी गाडी कधी कुणाला धडकत नाही. धडकते ती भरधाव गाडी. ट्रक भरधाव, डंपर भरधाव, गल्लीतून वळणारी रिक्षासुद्धा भरधाव. बातमी लिहिणारा तिथे नसतो, जो तिथे असतो त्याच्याकडे वेग मोजायचं काही नसतं, तरी शब्द आपला जागेवर हजर. मीही तो कितीदा तरी लिहिलाय आणि ‘म्हणजे किती?’ असं मला कधी कुणी विचारलं नाही.

कर्नाटकातून मात्र हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २५ नोव्हेंबर १९८२ च्या सकाळी माणसांनी भरलेला एक ट्रक नाला ओलांडताना उलटला. १५ जण गेले, १८ जखमी झाले. खालच्या कोर्टाने ड्रायव्हरला दोषी धरलं, उच्च न्यायालयाने सोडलं, म्हणून राज्य सरकार अपिलात गेलं. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते अपील फेटाळलं. साक्षीदारांनी ट्रक ‘हाय स्पीड’मध्ये होता असं सांगितलं होतं. पण हाय स्पीड म्हणजे अंदाजे किती, हे त्यांच्यापैकी एकालाही सांगता आलं नव्हतं. न्यायालयाचं म्हणणं असं की हा शब्द सापेक्ष आहे, आणि नुसत्या तेवढ्यावरून ड्रायव्हरचा हलगर्जीपणा सिद्ध होत नाही.

निकाल कायद्याच्या दृष्टीने बरोबरच असेल, पण वाचताना मला त्या साक्षीदारांबद्दल वाईट वाटलं. त्यांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुणाला देता येतं? एक समज आपल्याकडे पक्का आहे: ज्याचा हात गाडीवर बसलाय त्याला वेग कळतो. नवशिक्याला मीटर बघावा लागतो, मुरलेल्या ड्रायव्हरला गाडीच सांगते. हा समज किती खरा, हे तपासायची एक संधी मला बंगळुरात मिळाली. तिला प्रयोग म्हणणार नाही, रविवारची गंमत म्हणू.

भाची जयनगरला राहते. चार महिन्यांपूर्वी लायसन्स काढलं, गाडी घेतली, पण म्हैसूरला जायचं तर अजून ड्रायव्हर बोलावते. आलेले काका निपाणीकडचे. बावीस वर्षं बंगळुरात स्टिअरिंगवर: आधी टेम्पो ट्रॅव्हलर, मग एअरपोर्टची टॅक्सी, आता जो बोलावेल त्याची गाडी. मला स्वतःला गाडी येत नाही. म्हणजे एकाच गाडीत तीन इयत्ता बसल्या होत्या. केंगेरी मागे पडल्यावर बोलता बोलता मी काकांना विचारलं, मीटर न बघता वेग सांगता येईल का?

“मीटर बघतंय कोण ओ, सर? गाडी सांगते की.”

भाचीने डॅशबोर्डच्या कप्प्यातून कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका काढली आणि मीटरवर चिकटपट्टीने लावली. माझ्या हातात फोन, त्यावर उपग्रहाकडून येणारा वेग. फोन १०० च्या पुढे गेला की मी ओरडायचं, एवढी अट. बाकी प्रत्येकाने आपला आकडा सांगायचा.

पहिली फेरी बिडदीच्या अलीकडे. मी मागच्या सीटवरून म्हणालो पन्नास. पुढे बसलेली भाची म्हणाली पंचाहत्तर. काका म्हणाले साठ. फोनवर ६२. काकांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. बोलले काही नाहीत. दुसऱ्या फेरीत तर त्यांनी प्रश्न पुरा होऊ दिला नाही. “ऐंशी!” फोनवर ७७. आता मीटर फोनपेक्षा दोन-चार जास्तच दाखवतो, म्हणजे पत्रिकेखाली काटा जवळपास ऐंशीवरच असणार. युरोपसकट बऱ्याच देशांत नियमच असा आहे की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर एका मर्यादेपर्यंत चालेल. थोडक्यात काकांचं उत्तर अचूक होतं.

मग माझ्या लक्षात आलं की गाडीने खरोखरच सांगितलं होतं. १ जुलै २०१९ नंतर आपल्याकडे बनलेल्या प्रत्येक मोटारीत ताशी ८० च्या वर गेलं की थोड्या थोड्या वेळाने सूचनेचा आवाज येतो आणि १२० च्या वर तो थांबतच नाही. आवाज झाला होता, आम्ही दोघांनी ऐकला नव्हता, काकांच्या कानाने बरोबर टिपला होता. यात काकांची फसवणूक काही नाही. ड्रायव्हरचं ज्ञान बरंचसं असंच असतं, इकडून तिकडून वेचलेलं. जुन्या गाडीत सत्तरला दार वाजायला लागायचं, पंचाहत्तरला स्टिअरिंग थरथरायचं. त्यांनी तेच नव्या गाडीत शोधून ठेवलं होतं.

तिसऱ्या फेरीला भाचीने गाणी मोठ्याने लावली. काचा बंद, एसी चालू, समोर रस्ता रिकामा. मी ऐंशी. भाची शंभर. काका म्हणाले पंच्याऐंशी, तेही ठामपणे. फोनवर ९७.

काका इथे का चुकले?

आपल्याला वेगासाठी वेगळं इंद्रिय नाही. विमानात जेवताना आपण ताशी आठशे किलोमीटरने जातोय याचा शरीराला पत्ता नसतो. कळतो तो वेगातला बदल: गचका, ब्रेक, वळण. एकसारखा वेग शरीराला कळत नाही, तो डोळ्यांनी आणि कानांनी जुळवावा लागतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या नजरेवर काम केलं आणि त्यातून एक गोष्ट मांडली. आपण पुढे जातो तेव्हा समोरचं सगळं दृश्य एका बिंदूतून फुटून आपल्या दोन्ही बाजूंनी मागे वाहत जातं. जिकडे चाललोय तो बिंदू स्थिर, आणि जसजसं जवळ आणि कडेला, तसतसा लोंढा जोरात. हा लोंढा म्हणजेच डोळ्याचा स्पीडोमीटर.

या स्पीडोमीटरची अडचण अशी की तो किलोमीटर मोजत नाही. कडेची वस्तू किती लांब आहे आणि डोळा जमिनीपासून किती वर आहे यावर त्याचा आकडा ठरतो. कडेचं झाड तीन मीटरवर असेल तर साठच्या वेगात ते सपकन जातं. तेच बारा मीटरवर असेल तर चौपट वेगाने गेलं तरच तेवढं सपकन जाईल. जुना म्हैसूर रस्ता गावांना खेटून जायचा. दुकानं, झाडं, उभ्या बसेस, थट्टे इडलीच्या पाट्या, सगळं हाताच्या अंतरावर. १२ मार्च २०२३ ला उद्घाटन झालेला नवा ११८ किलोमीटरचा रस्ता बिडदी, रामनगर, चन्नपट्टण, मद्दूर, मंड्या यांना वळसे घालून जातो. कडेला लोखंडी कठडा, त्यापलीकडे सर्व्हिस रोड, त्यापलीकडे लांबवर नारळ. जुन्या रस्त्यावरचे साठ आणि नव्या रस्त्यावरचे शंभर यांत डोळ्याला फारसा फरक जाणवत नाही. रस्ता बांधणाऱ्यांनी आपल्याला सुरक्षितता दिली, पण वेगाची जाणीव काढून घेतली. हा व्यवहार आपल्याला विचारून झालेला नाही.

उंचीचंही तसंच. रिक्षात चाळीसला जीव मुठीत येतो आणि व्होल्वो बसच्या पहिल्या सीटवर ऐंशीला डुलकी लागते. बसलेल्याचा डोळा जितका उंच तितका खालचा रस्ता संथ. बोइंग ७४७ विमानं नवीन आली तेव्हा अनुभवी वैमानिक ती धावपट्टीकडे नेताना प्रमाणाबाहेर जोरात नेऊ लागले, असं विमानशास्त्राच्या पुस्तकांत नोंदलेलं आहे. जुन्या विमानांपेक्षा त्यांचे डोळे जवळपास दुप्पट उंचीवर गेले होते आणि जमीन त्यांना हळू सरकताना दिसत होती. हजारो तास उडवलेली माणसं ही. कौशल्य कामाला आलं नाही, उलट जुन्या उंचीवर कमावलेली नजरच नडली. आपल्याकडे हॅचबॅक विकून एसयूव्ही घेणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत थोडं हेच होत असणार.

आणि कान. अमेरिकेतल्या लिओनार्ड इव्हान्स यांनी १९७० मध्ये चालत्या मोटारीत बसवलेल्या लोकांना वेग ओळखायला लावला, कधी डोळे झाकून, कधी कान बंद करून. आवाज बंद झाला की लोक वेग कमी सांगू लागले. आमच्या गाडीत तिसऱ्या फेरीला भाचीने गाणी लावली तेव्हा हेच झालं होतं, फक्त आम्हाला ते ठाऊक नव्हतं. आता बंगळुरात विजेवरच्या टॅक्सी वाढल्या आहेत, तिथे गाणी लावायचीही गरज नाही.

धुक्याचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. पहाटे नंदी हिल्सला जाणाऱ्यांना ते ठाऊक असेल. ब्रिटनमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं की धुक्यात दृश्य फिकं पडतं आणि फिकं दृश्य हळू सरकतंय असं वाटतं, म्हणून माणूस नकळत जोरात चालवतो. २०१२ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की खरं धुकं सगळीकडे सारखं फिकं नसतं. जवळचं स्पष्ट, लांबचं अस्पष्ट असतं, आणि तशा धुक्यात माणूस उलट हळू होतो. मला दुसरं पटतं. पहिल्या प्रयोगातलं धुकं काचेवर साचलेल्या वाफेसारखं होतं. ती वाफ पुसली नाही तर मात्र पहिलाच निष्कर्ष लागू पडायचा.

आता मूळ मुद्दा, हात बसण्याचा. बावीस वर्षांत काकांनी मग कमावलं काय?

बंगळूरच्या माणसाला हे क्रिकेटमधून सांगणं सोपं जातं. राहुल द्रविड जन्मला इंदूरला, मराठी घरात, वाढला बंगळुरात. त्याला समोरून येणारा चेंडू ताशी किती किलोमीटरचा हे विचारलं असतं तर त्याने बहुधा स्टेडियमच्या पडद्याकडे बोट दाखवलं असतं. (त्याच्या संघातल्या जवागल श्रीनाथला लोक ‘म्हैसूर एक्स्प्रेस’ म्हणत, तेव्हा हा रस्ता नव्हता.) ताशी १४० चा चेंडू हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत यायला अर्धा सेकंदही लागत नाही. २००० साली मायकेल लँड आणि पीटर मॅकलॉड यांनी वेगवेगळ्या तयारीच्या तीन फलंदाजांच्या डोळ्यांवर कॅमेरे लावून ते काय बघतात हे पाहिलं. कुणीच चेंडूवर सतत नजर ठेवत नव्हतं. चेंडू सुटताना बघायचा, मग नजर उडी मारून टप्पा जिथे पडणार तिथे आधीच जाऊन थांबायची. चांगल्या फलंदाजाची उडी लवकर, कच्च्याची उशिरा. डोळा तोच, तो कुठे आणि कधी न्यायचा हे वेगळं.

ड्रायव्हरचंही तसंच निघालं. मूरंट आणि रॉकवेल यांनी १९७२ मध्ये नवशिके आणि मुरलेले ड्रायव्हर कुठे बघतात ते नोंदलं. नवशिके गाडीच्या नाकाजवळ आणि कडेच्या पट्टीकडे बघत होते, आरसे कमी बघत होते. मुरलेल्यांची नजर लांब. आता मघाचा लोंढा आठवा: तो जवळ आणि कडेला जोरात असतो, लांब समोर मंद. नवशिक्या भाचीने लोंढ्याच्या ऐन धारेत डोळे रोवले होते, म्हणून तिला बासष्टचे पंचाहत्तर वाटले. काकांची नजर दोनशे मीटर पुढे, जिथे पाणी जवळजवळ थांबलेलं. ही माझी जुळणी आहे, मूरंट-रॉकवेल यांनी वेगाचा अंदाज मोजला नव्हता. पण गाडीत बसून दोघांच्या माना बघितल्यावर मला ती चुकीची वाटत नाही. चांगला ड्रायव्हर होताना माणूस ज्या गोष्टी शिकतो, त्यांतली एक त्याला वेग कमी वाटायला लावते.

काकांचं खरं ज्ञान मद्दूरजवळ दिसलं. समोर तीन गाड्या, मधली थोडी डावीकडे रेललेली. काकांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. मी विचारणार तेवढ्यात मधल्या गाडीने इंडिकेटर न देता आमच्यासमोर लेन बदलली. “टायर वळलं होतं ओ तिचं,” काका म्हणाले. त्या क्षणी वेग किती होता हे त्यांना विचारलं असतं तर ते चुकले असते. पण आपल्यापुढे किती मोकळी जागा आहे आणि ती किती सेकंदांत संपणार, याचा त्यांचा हिशेब पक्का होता. गिब्सन यांनीच लॉरेन्स क्रुक्स नावाच्या अभियंत्याबरोबर १९३८ मध्ये लिहिलं होतं की ड्रायव्हरला रस्त्यावर एक जिभेसारखं सुरक्षित आवार दिसत असतं. अडथळ्यांनी ते आकुंचन पावतं, मोकळ्या रस्त्यावर पसरतं, आणि थांबायला लागणारी जागा या आवारात मावेल एवढाच वेग तो ठेवतो. हे लिहून इतकी वर्षं झाली तरी गाडी चालवण्याचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही.

मात्र हे आवार डोळ्याला दिसेल तेवढंच असतं, आणि डोळ्याला काही गोष्टी दिसतच नाहीत, बावीस वर्षांच्याही. पुढची गाडी हळू चाललीय हे आपल्याला कशावरून कळतं? ती डोळ्यात मोठी होत जाते यावरून. पण मोठी होण्याचा दर एका किमान पातळीच्या वर गेल्याशिवाय तो जाणवत नाही. प्रयोगांत ही पातळी साधारण सेकंदाला ०.००३ रेडियन भरते. हिशेब ढोबळ आहे, पण करून बघण्यासारखा. तुम्ही १०० ने चाललाय, पुढे दोन मीटर रुंद ट्रॅक्टर-ट्रॉली २० ने. तुमच्यातलं अंतर ताशी ८० ने घटतंय. ट्रॅक्टर मोठा होतोय हे डोळ्याला सुमारे १२० मीटरवर कळेल. ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद आणि मग जोरदार ब्रेक धरला तर त्याच्या वेगाला यायला ६९ मीटर लागतात. पन्नास मीटर हाताशी. आता ट्रॅक्टरच्या जागी मोपेड ठेवा, रुंदी सत्तर सेंटीमीटर. ती मोठी होतेय हे कळेल ७२ मीटरवर. लागणार ६९. उरले तीन मीटर.

आणि तुम्ही १०० ऐवजी १२० ने असाल तर? मोपेड कळेल ८० मीटरवर, लागतील ९७. इथे हात बसलेला असून काय उपयोग? फरक पडतो तो फक्त आधीच्या माहितीचा: संध्याकाळी या भागात शेतावरून परतणाऱ्या मोपेडी असतात, त्यातल्या निम्म्यांना मागचा दिवा नसतो, हे ज्याला ठाऊक तो दिसायच्या आधीच पाय उचलतो.

या रस्त्यावर सुरुवातीच्या महिन्यांत अपघात इतके झाले की तो वाहतुकीपेक्षा बातम्यांसाठीच बांधलाय असं वाटावं. १ ऑगस्ट २०२३ पासून दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर आणि बिनइंजिनाची वाहनं मुख्य रस्त्यावर बंद झाली, त्यांना सर्व्हिस रोड दिला. पोलिसांनी वेग मोजायच्या बंदुका आणल्या, मोटारींना १०० ची मर्यादा. दुचाकीवाल्यांना हा अन्याय वाटला आणि तो आहेही, कारण रस्ता त्यांच्या गावांशेजारून जातो आणि त्यांनाच बाजूला व्हावं लागलं. पण वरच्या हिशेबातले तीन मीटर बघितल्यावर बंदीविरुद्ध बोलायला माझी जीभ उचलत नाही.

रस्ता ओलांडणाऱ्या पोरांचं तर याहून अवघड. लंडनजवळच्या रॉयल हॉलोवेमधल्या संशोधकांना २०११ मध्ये आढळलं की प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना ताशी ३२ किलोमीटरहून जोरात येणारी गाडी मोठी होतेय हे खात्रीने ओळखता येत नाही. जोरात येणारी गाडी त्यांना जवळजवळ उभी असल्यासारखी दिसू शकते. मूल रस्त्याकडे बघत असतं, त्याला दिसत मात्र नाही.

कौशल्याबरोबर आणखी एक गोष्ट येते, तिचा मीटरशी काही संबंध नाही. ओला स्वेन्सन यांनी १९८१ मध्ये अमेरिकन आणि स्वीडिश ड्रायव्हरांना विचारलं की इतरांच्या तुलनेत तुम्ही कसे चालवता. अमेरिकेतल्या ९३ टक्क्यांनी आणि स्वीडनमधल्या ६९ टक्क्यांनी आपण वरच्या अर्ध्यात आहोत असं सांगितलं. आपल्याकडे विचारलं तर काय होईल, हे कुठल्याही लग्नात पार्किंगजवळ पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. आणि त्याआधी, १९७४ मध्ये, विल्यम्स आणि ओनील यांनी अमेरिकेतल्या परवानाधारक रेस ड्रायव्हरांची साध्या रस्त्यावरची नोंद तपासली. गाडीवरचा ताबा या लोकांइतका कुणाचा असणार? तरी त्यांचे नियमभंग आणि अपघात साध्या ड्रायव्हरांपेक्षा जास्त निघाले.

श्रीरंगपट्टणात जेवून, राजवाडा बघून आम्ही संध्याकाळी परत निघालो. पत्रिका मीटरवर तशीच होती. तासभर काकांनी गाडी शंभरच्या आतबाहेर ठेवली, दोनदा मला ओरडावं लागलं. सूचनेचा आवाज येत राहिला, आता तो काकांनाही ऐकू येत नव्हता. ड्रायव्हरला सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट मला वाटतं हीच. डोळा एका लोंढ्याला सरावतो, पंख्याचा आवाज काही वेळाने ऐकू येईनासा होतो तसा, आणि मग कमी लोंढा थांबल्यासारखा वाटतो. १९६९ मध्ये श्मिट आणि टिफिन यांनी ड्रायव्हरांना ताशी ७० मैलांनी बराच वेळ चालवायला लावून मग मीटर न बघता ४० वर यायला सांगितलं. बराच वेळ चालवलेल्यांना चाळीस वाटले तेव्हा प्रत्यक्षात पन्नासच्या वर होते. ब्रिटनमध्ये डेंटन यांनी याच्यावर उलट तोडगा काढला: चौकाच्या आधी रस्त्यावर आडवे पट्टे, एकमेकांच्या जवळ जवळ येत जाणारे, म्हणजे डोळ्याला वाटावं गाडी जोर घेतेय आणि पाय आपोआप ब्रेकवर जावा. स्कॉटलंडमधल्या एका चौकात ते रंगवल्यावर गाड्या खरंच हळू येऊ लागल्या. आपल्याकडे आपण हंप घालतो. तोही चालतो, पण पाठीच्या मणक्याच्या खर्चाने.

बंगळूरचा माणूस तर दुहेरी कात्रीत. शहराच्या मध्यभागात २०२२ मध्ये दहा किलोमीटरला सरासरी २९ मिनिटं १० सेकंद लागत, असं टॉमटॉम या नकाशा-कंपनीने मोजलं होतं. म्हणजे ताशी वीस-एकवीस. दिवसभर वीसला सरावलेला डोळा सकाळी या रस्त्यावर आला की त्याला साठ म्हणजे उड्डाण वाटतं, आणि संध्याकाळी तोच डोळा शंभर पचवून केंगेरीच्या गर्दीत शिरतो.

केंगेरी जवळ आली. पुढे मेट्रोचे खांब, बसस्टॉपवर माणसं, फुलांच्या गाड्या, कडेने रस्ता ओलांडायला थांबलेली एक बाई आणि तिने हाताला धरलेला शाळकरी मुलगा. काकांनी गाडी हळू केली. मला मागच्या सीटवर ती इतकी हळू झालेली वाटली की मी चपला शोधू लागलो.

“साठला आणली, सर.”

फोनवर ७४.

मी आकडा वाचून दाखवला. काका म्हणाले, “फोन चुकतोय ओ तुमचा, नेटवर्क नाही इथं.” मी काही बोललो नाही. साठ आणि चौऱ्याहत्तर म्हणजे चौदाचाच फरक. पण साठ समजून ब्रेक लावणारा माणूस ज्या जागी थांबायची अपेक्षा करतो, त्या जागी चौऱ्याहत्तरची गाडी अजून पन्नासहून जास्त वेगाने पुढे जात असते. पहिला सगळा वेळ पाय हलण्यातच जातो आणि जास्तीचं अंतर तिथेच खाल्लं जातं.

काकांनी डाव्या हाताने पत्रिकेचा एक कोपरा सोडवला. खाली काटा अठ्ठ्याहत्तरवर होता. मीटर जास्त दाखवतो हे धरूनही. ते थोडा वेळ काट्याकडे बघत राहिले, मग ब्रेक दाबला, नीट दाबला, आणि मला पहिल्यांदा सीटबेल्टचा ताण छातीवर जाणवला. कडेच्या बाईने मुलाचा हात धरून रस्ता ओलांडला. पत्रिका एका चिकटपट्टीवर लोंबत होती, काकांनी ती काढून सनव्हायझरमागे खोचली.

“काका, आता किती?” भाचीने विचारलं.

काकांनी मीटरकडे बघितलं आणि सांगितलं, “बत्तीस.”